न जोडलेलें विमान

गेल्या श्रावणांत एके दुपारीं सौभाग्यवतींनीं माझ्या अभ्यासिकेंतील कपाट आवरावयास काढलें, आणि त्यांतून एकतीस पेट्या बाहेर निघाल्या. प्रत्येक पेटींत एकेक विमान होतें. अर्थात् सुट्या तुकड्यांच्या स्वरूपांत. पेट्यांची चळत जमिनीवर मांडून झाल्यावर त्यांनीं विचारलें, "ह्यांतलीं जोडून झालेलीं किती?"

"एकहि नाहीं. झालेलीं तीं बाहेरच्या फळीवर आहेत."

"आणि वर्षाकाठीं किती होतात?"

"दोन. एखाद्या वर्षीं तीन."

त्या अठ्ठावीस वर्षें शाळेंत गणित शिकवीत आल्या आहेत. "म्हणजे पंधरा वर्षांचें काम झालें," त्या म्हणाल्या, "तेंहि मध्यंतरीं नवी पेटी घरांत आली नाहीं तर!" हा दुसरा भाग अशक्य कोटींतला आहे हें आम्हां दोघांनाहि ठाऊक होतें. पण पहिल्या भागानें मला त्या रात्रीं बराच वेळ झोंप येऊं दिली नाहीं. मी पंचावन्न वर्षांचा आहें. सुईंत दोरा ओवावयाचा तर मला आतां चष्मा पालटावा लागतो, आणि बारीक कुंचला धरला कीं उजव्या हाताचा अंगठा किंचित् थरथरतो.

ज्यांचा ह्या छंदाशीं परिचय नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. पेटी उघडली कीं आंत प्लॅस्टिकच्या काड्यांची एक चौकट असते, आणि फांदीला कैऱ्या लटकाव्या तसे विमानाचे भाग तिला चिकटलेले असतात. एकेक भाग सुरीनें कापावयाचा, त्याची कड घासावयाची, तो जोडावयाचा आणि रंगवावयाचा. इंग्लंडांत फ्रॉग ह्या नांवानें अशीं प्लॅस्टिकचीं विमानें १९३६ सालींच विक्रीस आलीं. त्यांचें प्रमाण बहात्तरास एक. म्हणजे खऱ्या विमानाच्या सहा फुटांस येथें एक इंच. पुढें दुसरें महायुद्ध सुरू झालें. आकाशांतलें विमान आपलें कीं शत्रूचें हें क्षणांत ओळखतां यावें म्हणून सैनिकांना ह्याच प्रमाणाचीं विमानें दाखवून शिकविण्यांत येऊं लागलें; १९४२ सालीं अमेरिकेच्या नौदलानें तर शाळकरी मुलांकडून अशीं लाकडी विमानें हजारोंनीं करवून घेतलीं. युद्ध संपलें, तें प्रमाण मात्र टिकलें. १९५३ सालीं एअरफिक्स कंपनीनें आपलें पहिलें विमान, स्पिटफायर, बाजारांत आणलें, तेंहि बहात्तरास एक असेंच.

पेटी विकत घेणें आणि विमान जोडणें हे वस्तुतः दोन निराळे छंद आहेत. रॉय क्रॉस ह्या चित्रकारानें १९६४ पासून सुमारें दहा वर्षें एअरफिक्सच्या पेट्यांवर चित्रें काढलीं. तीं ज्यानें पाहिलीं आहेत त्याला पहिल्या छंदाचें मर्म सांगावयास नको. पेटी हातांत घेतली कीं मनांत तें विमान पुरें झालेलेंच असतें: पंखांचा सांधा जुळलेला, काच स्वच्छ, बिल्ले सरळ. घरीं आणून चौकटींतला पहिला तुकडा कापला कीं ह्या परिपूर्णतेला तडा जाऊं लागतो. म्हणून पेटी कपाटांत जाते. माझ्या पुस्तकांच्या कपाटाचीहि हीच कथा आहे. तेथें ती विद्वत्तेच्या नांवाखालीं खपून जाते, एवढेंच.

त्या चळतींत सर्वांत खालची पेटी १९८१ सालची होती. माझा थोरला भाऊ, दादा, व्यापारी जहाजावर इंजिनियर होता. त्या वर्षीं तो लंडनहून सांगलीस घरीं आला तो दोन पेट्या घेऊन. एक स्पिटफायर, एक हरिकेन. मी तेव्हां अकरा वर्षांचा होतों. दादा दुपारचा झोंपला असतां मीं स्पिटफायरची पेटी फोडली आणि दिवेलागणीच्या आंत विमान उभें केलें. नळींतल्या सोल्यूशनचा धर्म असा कीं तें प्लॅस्टिकच विरघळवितें. दोन्ही कडा मऊ होऊन एकमेकींत मिसळतात आणि वाळल्यावर एकजीव होतात. म्हणूनच नको तेथें तें लागलें तर पुसून निघत नाहीं. वैमानिकाच्या डोक्यावरची काच बसवितांना माझा ओला अंगठा डाव्या बाजूस टेकला, आणि त्याच्या रेषा कायमच्या उमटल्या. ती बाजू भिंतीकडे वळवून मीं विमान फडताळावर ठेवलें. दादानें तें पाहिलें, "छान झालें आहे," म्हणाला, आणि हरिकेनची पेटी माळ्यावर ठेवून दिली. "तुझा हात बसला म्हणजे हें आपण दोघे मिळून करूं."

हात बसावयास किती वर्षें लागावीं? दादा पुन्हां जहाजावर गेला. मी कॉलेजांत, मग नोकरींत शिरलों. त्याचें लग्न, माझें लग्न, आईचें आजारपण, सांगलीचें घर विकणें, ह्या साऱ्यांतून ती पेटी माझ्याबरोबर पुण्यास आली. दर भेटींत तिचा विषय निघे आणि पुढच्या भेटीवर जाई.

आतां दादा सदुसष्ट वर्षांचा आहे आणि गेल्या आषाढापासून आमच्याकडे राहतो. त्याच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांचा मध्यभाग बिघडला आहे. कडेचें त्याला दिसतें. समोरच्या माणसाचा चेहरा, पुस्तकांतली ओळ, ताटांतली भाजी दिसत नाहीं. महिन्याकाठीं डोळ्यांत इंजेक्शन घ्यावें लागतें, तें आहे तेवढी नजर टिकावी म्हणून. पेट्यांची मोजणी झाली त्या दिवशीं तो शेजारच्या खोलींतून ऐकत होता. रात्रीं जेवतांना म्हणाला, "हरिकेन काढ. आतांपर्यंत तुझा हात बसला नसेल तर पुढें बसणार नाहीं."

वैमानिकाची बैठक आधीं रंगवावी लागते, कारण धडाचीं दोन्ही अर्धुकें जोडल्यावर तेथें कुंचला पोंचत नाहीं. आणि जोडल्यावर ती फारशी कोणाला दिसतहि नाहीं. ती रंगवावी कीं सोडून द्यावी अशा विचारांत मी होतों. "रंगव," दादा म्हणाला. "मला तर ह्यांतलें कांहींच धड दिसणार नाहीं. म्हणून काय सगळेंच सोडून देशील?"

पंखाचा सांधा मीं भिंगांतून पाहून गुळगुळीत ठरविला होता. दादानें त्यावरून नखाचें टोंक फिरविलें आणि एके ठिकाणीं थांबविलें. "येथें पायरी आहे." मला ती दिसेना. रंगाचा पहिला हात दिला तेव्हां नेमकी तेथेंच केसाएवढी रेघ दिसूं लागली. त्यानंतर घासण्याचें काम दादाकडेच गेलें. पाण्यांत भिजविलेला पॉलिश-कागद बोटाभोंवतीं गुंडाळून तो तास तास घाशीत बसे आणि आगबोटींतल्या इंजिनांच्या गोष्टी सांगे. आठवड्यांतून चार रात्रीं आम्ही असे बसत होतों. इतका वेळ सलग आम्ही एकमेकांशीं लहानपणानंतर कधीं बोललों नव्हतों.

विमानाला आपल्या हवाई दलाचें रूप द्यावयाचें असें आम्हीं ठरविलें होतें. १९४४ सालीं इंफाळच्या लढाईंत अर्जनसिंग ह्यांच्या नेतृत्वाखालीं भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वॉड्रननें हरिकेन विमानेंच चालविलीं. जपानी विमानांवर तांबडा गोळा असे. घाईंत गफलत होऊं नये म्हणून त्या आघाडीवर आपल्या विमानांच्या गोल बिल्ल्यांतून तांबडा रंग काढून टाकण्यांत आला होता. पेटींतले बिल्ले युरोपांतले, मध्यें तांबडा ठिपका असलेले. त्यावर फिकट निळा रंग चढविला कीं काम भागणार होतें. पण इतक्या वर्षांत त्यांचा कागद पिवळा पडला होता. असा कागद खिडकीच्या काचेला चिकटवून उन्हांत ठेवला तर पिवळेपणा उतरतो. अश्विनाच्या कडक उन्हांत पंधरा दिवस तो खिडकीवर होता, आणि येणाराजाणारा त्याविषयीं विचारी. शेवटीं बिल्ले कापून कोमट पाण्यांत सोडले. पांच सुखरूप उतरले. सहावा, डाव्या पंखावरचा, पाण्यांतच फुटला. तो मीं हातानें रंगविला. थरथरत्या अंगठ्यानें वर्तुळ जसें निघावयाचें तसेंच निघालें.

विमान पुरें झालें त्या रात्रीं दादानें तें तळहातावर घेतलें. खरें चाळीस फुटांचें. हें एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत साडेसहा इंचांहून थोडें अधिक. नाकापासून शेपटीपर्यंत तो सावकाश बोट फिरवीत गेला. सांधा बोटाला कळतो. रंग कळत नाहीं. मीं सांगितलें नाहीं तर त्या बिल्ल्याची गोष्ट त्याला कधींहि समजणार नव्हती. ह्या वेळीं विमान भिंतीकडे वळविण्याचीसुद्धां गरज नव्हती.

"डाव्या पंखावरचा बिल्ला फुटला," मी म्हणालों. "हातानें काढला आहे. वांकडा झाला."

"असूं दे." त्याचें बोट काचेवर येऊन थांबलें होतें. "हिच्यावर अंगठा उमटला नाहीं ना ह्या वेळीं?"

चव्वेचाळीस वर्षें मी समजत होतों कीं त्यानें तो पाहिलाच नव्हता.

हरिकेन आतां बाहेरच्या फळीवर आहे, डावा पंख खोलीकडे करून. कपाटांत तीस पेट्या उरल्या आहेत. दादा म्हणतो, ह्यापुढें लँकॅस्टर घेऊं. चार इंजिनांचें, सतरा इंच पंखांचें. घासावयास पुष्कळ असतें.