मोटारीची जयणा

व्यापारी जैन कुटुंबांच्या दिनक्रमात दोन गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहेत. स्वयंपाकघरात पाणी गाळल्याशिवाय वापरले जात नाही आणि पेढीवर रोजकीर्द जुळल्याशिवाय दिवा मालवला जात नाही. पहिली गोष्ट जीवदयेची, दुसरी सचोटीची. परंतु दोहोंच्या मुळाशी सवय एकच आहे, रोज थोडे थोडे आणि न चुकता पाहण्याची.

दारात उभी असलेली मोटार मात्र या सवयीच्या बाहेरच राहून गेली आहे. खरेदीचा दिवस मुहूर्त पाहून ठरतो, चाकांखाली लिंबे ठेवली जातात, पहिली फेरी मंदिरापर्यंत किंवा गुरुदर्शनासाठी स्थानकापर्यंत होते. दसऱ्याला झेंडूची माळ चढते. त्यानंतर कित्येक महिने बॉनेट कोणी उघडत नाही. चाकांत हवा किती आहे, हे पंक्चर झाल्यावर कळते आणि डिकीतली स्टेपनीही बसलेली आहे, हे त्यानंतर कळते.

मोटार ही आज या समाजात केवळ चैनीची वस्तू राहिलेली नाही. आठवड्याचे बाजार, उधारीची वसुली, मुलांच्या शाळा, लग्नकार्ये, कुंथलगिरी किंवा मांगीतुंगीची यात्रा हे सारे तिच्यावाचून अडते. शास्त्रकारांनी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले. त्यांपैकी संकल्पी हिंसेचा श्रावकाने त्याग करावयाचा आहे. संसारात व व्यापारात जी अटळ आहे, ती जयणेने, म्हणजे सावधपणाने, कमीत कमी करावयाची आहे. मोटार रस्त्यावर आली की आरंभी आणि उद्योगी हिंसा तिच्याबरोबर आलीच. प्रश्न उरतो तो जयणेचा. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, मुख्य स्थान दिले आहे. मोटारीच्या बाबतीत प्रमाद हा बहुधा चालवण्याच्या क्षणी घडत नाही. तो महिनाभर आधीच, घराच्या अंगणात घडून गेलेला असतो.

साधू-साध्वींच्या पाच समित्यांत पहिली ईर्यासमिती. पुढची सुमारे चार हात जमीन पाहत पाऊल टाकावयाचे, हा तिचा परिपाठ. पायी चालणाऱ्याला चार हात पुरतात, कारण दिसलेल्या जिवापुढे उचललेले पाऊल तिथेच थांबवता येते. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदाला २२ मीटर अंतर तोडते. चार हात जमीन ती सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात मागे टाकते. समोरचे संकट ध्यानात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर त्यात २२ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरांनी गाडी पूर्ण थांबेपर्यंत आणखी सुमारे ३५ मीटर जातात. म्हणजे मोटारीचे ‘चार हात’ साठ मीटरांच्या आसपास आहेत. एवढे अंतर दिसण्यासाठी काच आणि दिवे स्वच्छ हवेत, तेवढ्यात थांबण्यासाठी टायर आणि ब्रेक धड हवेत. मोटारीत बसणाऱ्याची ईर्यासमिती अशी या चार वस्तूंत येऊन राहिली आहे.

रस्त्याला प्रत्यक्ष टेकलेला प्रत्येक टायरचा भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. अख्ख्या कुटुंबाचा भार चार तळहातांएवढ्या रबरावर असतो. हवा पंधरवड्यातून एकदा, गाडी फार चाललेली नसताना, टायर थंड असतानाच मोजावी. योग्य दाबाचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो, भरलेल्या गाडीसाठी त्यात बहुधा वेगळा आकडा दिलेला असतो. हवा कमी असलेला टायर चालताना दबतो, तापतो आणि समृद्धी महामार्गासारख्या लांब, सरळ रस्त्यावर उन्हाळ्याच्या दुपारी अखंड वेगात फुटू शकतो. टायरच्या खाचांमध्ये लहान आडव्या उंचवट्यांच्या खुणा असतात. झीज त्या खुणांना टेकली, म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली, की टायर बदलावा. बाजूवर कोरलेल्या चार अंकांत जन्मतारीख असते. २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. कमी फिरलेल्या गाडीचे टायर दिसायला नवे आणि वयाने जुने असतात, तेव्हा हे अंक उपयोगी पडतात.

टायरच्या संदर्भात एक जुना शब्द आठवण्याजोगा आहे. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘अतिभारारोपण’ आहे. बैलावर किंवा घोड्यावर त्याच्या शक्तीबाहेर ओझे लादणे, हा त्याचा मूळ अर्थ. आज बैलाची जागा मोटारीने घेतली आहे. दिवाळीच्या हंगामात कापडाचे गठ्ठे मागच्या काचेपर्यंत रचलेले असतात, मधल्या आसनावर माणसे दाटीने बसलेली असतात आणि हवेचा दाब रोजचाच असतो. यंत्राला वेदना होत नाहीत, हे खरे. परंतु त्या ओझ्याने ब्रेकचे अंतर वाढते आणि वेदना होणारे जीव त्या अंतरात उभे असतात.

ब्रेकविषयी अनेक पेढ्यांवर पुढील संवाद ऐकू येतो. चालक सांगतो, “शेठ, ब्रेक जरा खाली लागतोय.” उत्तर मिळते, “दिवाळी होऊ दे, मग दाखवू गॅरेजला.” ब्रेक खाली लागणे, घासल्याचा आवाज येणे, थांबताना गाडी एका बाजूला ओढणे, ही सारी यंत्राची भाषा आहे आणि ती प्रथम चालकाला कळते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. ओलावा वाढला की त्याचा उकळण्याचा बिंदू खाली येतो आणि घाटाच्या लांब उतारावर, ब्रेक तापल्यावर, पायाखालची पट्टी मऊ पडते. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलावयाचे असते. ज्याला हे जाणवते त्याच्या हाती खर्चाचा निर्णय नसतो आणि ज्याच्या हाती निर्णय असतो तो मागच्या आसनावर बसलेला असतो. चालकाचे स्वतःचे आयुष्यही त्याच ब्रेकवर अवलंबून असते, त्याच्याही घरी कोणी वाट पाहत असते. त्याचे वाक्य दिवाळीनंतरवर टाकणे हाच प्रमाद होय.

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो आणि विहार सुरू होतात. साधू-साध्वींचे संघ पहाटेच्या उजेडात महामार्गाच्या कडेने पायी निघतात. तेच दिवस धुक्याचे आणि तिरप्या उन्हाचे. पांढरी वस्त्रे पांढऱ्या धुक्यात मिसळून जातात. विहारात पूज्य साध्वीजींना वाहनाने धडक दिल्याच्या वार्ता समाजाने वारंवार ऐकल्या आहेत, श्रद्धांजलीच्या सभा घेतल्या आहेत. विहारसेवा करणारे तरुण चकाकत्या पट्ट्यांची जाकिटे घालून संघाच्या पुढे-मागे चालतात. पण ती पट्टी स्वतः प्रकाश देत नाही. समोरून दिव्याचा झोत पडला तरच ती चमकते. दिव्यावरचे प्लॅस्टिक पिवळे पडले असेल किंवा त्यावर चिखलाचा थर असेल, तर जाकीट घातलेला तरुणही अंधारातच राहतो. काचेचेही तसेच आहे. बाहेरची काच वायपरने पुसली जाते, आतल्या बाजूला धुळीचा आणि तापलेल्या प्लॅस्टिकच्या वाफांचा पातळ तवंग साचतो. तो एरवी दिसत नाही. सूर्य समोर आला की सारी काच पांढरी होते आणि नेमक्या त्याच क्षणी रस्त्याच्या कडेला कोणीतरी चालत असते. आठवड्यातून एकदा आतली काच ओल्या सुती कापडाने आणि मग कोरड्या कापडाने पुसणे, हे दोन मिनिटांचे काम आहे. वायपरचे रबर वर्षाला, पावसाळ्याच्या तोंडी, बदलावे. ही साधुसेवा गाजावाजाशिवाय होते, तिला ना फलक लागतो ना सत्कार.

स्वच्छतेचा आणखी एक पैलू सूर्यास्तानंतरचा आहे. ज्या घरात सूक्ष्म जिवांच्या रक्षणासाठी रात्रिभोजन वर्ज्य असते, त्याच घराची मोटार पावसाळ्यात रात्रभर धावते. सकाळी काच आणि पुढचा भाग मेलेल्या कीटकांनी भरलेला असतो. शक्य तेथे प्रवास दिवसा ठेवणे, हा यावरचा पहिला उपाय. उरलेले डाग ओले कापड दहा मिनिटे ठेवून भिजवावेत आणि हलक्या हाताने काढावेत, ते वाळू दिले तर रंगालाही इजा करतात.

आदाननिक्षेपण समितीत वस्तू उचलताना व ठेवताना पाहणे आणि पुंजणे आले. थंडीत मांजर चाकावर किंवा इंजिनाच्या उबेला येऊन बसते. गाडी सुरू करण्यापूर्वी खाली वाकून पाहावे आणि बॉनेटवर दोन थापा माराव्यात. आसनाखाली सांडलेल्या फरसाणाच्या कणांवर मुंग्या येतात, मग उंदीर येतात आणि वायरी कुरतडल्या जातात. शेवटी फवारा किंवा विषारी गोळ्या आणल्या जातात. धान्य वेळेवर निवडले आणि डबे कोरडे ठेवले की कीड होत नाही, हे घरातील स्त्रियांना कोणी शिकवावे लागत नाही. मोटारीलाही तोच नियम लागू आहे. वेळेवर झाडलेल्या गाडीत मारण्याची वेळच येत नाही. साधने घेतानाही पारख हवी. गाडी पुसण्याचे खरे ‘शॅमॉय’ कातड्याचे असते, काही पॉलिशांत मधमाश्यांचे मेण असते. सुती किंवा मायक्रोफायबरचे कापड आणि कार्नोबा या वनस्पतिजन्य मेणाचे पॉलिश ही गरज निर्दोषपणे भागवतात.

पाण्याचा हिशेब तर व्यापाऱ्याला सहज कळावा असा आहे. १५ लिटरची बादली नळीखाली लावून घड्याळ पाहावे, जोर चांगला असेल तर ती मिनिट-सव्वा मिनिटात भरते. दहा मिनिटे नळी सोडली तर सव्वाशे लिटर पाणी गटारात गेले. शहरातील एका माणसाच्या दिवसभराच्या सर्व गरजांसाठी १३५ लिटर हे प्रमाण नियोजनात धरतात. ज्या महाराष्ट्रात एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेथे रोज सकाळी मोटारीने एका माणसाचे पाणी पिऊन टाकावे, याला अनर्थदंडाखेरीज दुसरे नाव देता येणार नाही. दोन बादल्या पुरतात. सावलीत उभ्या केलेल्या गाडीवर आधी थोडे पाणी शिंपडून धूळ भिजवावी, कारण कोरड्या फडक्याखाली तीच धूळ रंगावर चरे पाडते. मग एका बादलीतील शाम्पूच्या पाण्याने वरून खाली पुसावे आणि दुसऱ्या बादलीतील पाण्याने साबण काढावा. भांड्यांचा साबण वापरू नये, तो रंगावरचे मेण उतरवतो. काचेच्या पायथ्याशी साचलेली पाने काढावीत, नाहीतर पावसाचे पाणी आत शिरते. पहाटे पाचला गार पाण्यात हात घालून हे काम करणाऱ्या मुलाला हिवाळ्यात तासभर उशिरा येण्याची मुभा द्यावी.

टाकाऊ वस्तूंचा विचार उत्सर्ग समितीत मोडतो. पाणी गाळल्यावर गाळण्यातील जीव मूळ जलाशयात परत सोडण्याची या समाजाची परंपरा आहे. त्याच घराच्या मोटारीचे काळे झालेले तीन-चार लिटर इंजिन ऑइल गॅरेजच्या मागच्या नाल्यातून त्याच जलाशयाकडे जात असेल, तर गाळण्याला काय अर्थ उरला? वापरलेले तेल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते. गॅरेज ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे देते की नाही, हे गाडी सोपवताना विचारावे. ग्राहक विचारू लागले की गॅरेजवाला पिंप ठेवतो. जुनी बॅटरीही भंगारात न विकता नवी घेताना दुकानदाराकडेच परत करावी.

हिशेबाची बाजू शेवटी. आयकराच्या गणितात मोटारीवर घटत्या मूल्याने दरसाल १५ टक्के घसारा धरतात. आठ लाखांची गाडी पाच पूर्ण वर्षांनी वहीत ३,५४,९६४ रुपयांवर येते. निगा राखलेली आणि न राखलेली, अशा दोन्ही गाड्यांचा आकडा वहीत सारखाच असतो. बाजारात तो सारखा नसतो आणि रस्त्यावर तर मुळीच नसतो. म्हणून मोटारीची स्वतःची रोजकीर्द असावी. पातळशी वही, आकडे चार: तारीख, किलोमीटर, हवेचा दाब, झालेला खर्च. इंजिन ऑइल कधी बदलले, कूलंटची पातळी कोठे होती, बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा-हिरवा थर कधी काढला, याची नोंद तिच्यात हवी. आणि एक रकाना चालकाचा हवा, त्याला जे जाणवले ते त्याने लिहावे आणि मालकाने त्याखाली तारखेसह सही करावी. तक्रारीखाली सही करणाऱ्याला ‘मग पाहू’ म्हणणे जड जाते.

प्रतिक्रमणात येण्या-जाण्यात घडलेल्या विराधनेची क्षमा मागण्यासाठी इरियावहियं सूत्र आहे. ते म्हणणाऱ्याने त्या दिवशी गाडीखाली वाकून पाहिले असेल, काच पुसली असेल, चालकाचे म्हणणे ऐकले असेल, तर त्या क्षमायाचनेला वजन येते. येत्या पाडव्याला नव्या वह्यांचे पूजन होईल, तेव्हा त्यांच्या शेजारी ही पातळ वहीही मांडावी आणि तिच्या पहिल्या पानावर त्या दिवशीचा किलोमीटरचा आकडा लिहावा.