नागिणीची दोन टोके

दशलक्षण पर्वात सासूबाईंच्या उजव्या कुशीत आग होऊ लागली. त्यांनी ते उपवासाचे पित्त ठरविले. तिसऱ्या दिवशी बरगडीच्या रेषेत पाण्याच्या फोडांची माळ उठली आणि शेजारच्या आजींनी नाव सांगितले: नागीण. तिची दोन टोके जुळली की माणूस वाचत नाही, हेही त्या सांगून गेल्या. तेव्हापासून सासूबाई टोक कोठवर आले ते चाचपू लागल्या.

शाळेत जीवशास्त्र शिकविण्यात माझे आयुष्य गेले. समजाविण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले. बरगड्यांच्या १२ जोड्या. बरगडीच्या खालच्या कडेला आतून एक पन्हळ असते. तिच्या आश्रयाने तिघे जातात: वर नीला, मध्ये धमनी, खाली मज्जातंतू. छातीतले पाणी काढताना डॉक्टर सुई बरगडीच्या वरच्या कडेलगत घालतात, ती या तिघांना इजा होऊ नये म्हणूनच. धमन्या मोठ्या मनमिळाऊ. मागून महाधमनीची शाखा येते, पुढून उरोस्थीच्या कडेने उतरणाऱ्या धमनीची, आणि दोघी वाटेत एकमेकींना मिळतात. मज्जातंतूंचे तसे नाही. उजवा कण्यापासून निघून उजवीकडूनच पुढे येतो व मध्यरेषेपाशी संपतो, डावा डावीकडे. बालपणीच्या कांजिण्यांचा विषाणू कण्यालगतच्या गाठीत वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतो आणि उतारवयात प्रतिकारशक्ती उणावली की बहुधा एकाच तंतूच्या वाटेने त्वचेवर येतो. म्हणून नागीण अर्धाच वेढा घालते. क्वचित ती दोन्ही बाजूंना उठते, पण टोके जुळल्याने कोणी दगावत नाही.

“असातावेदनीयाचा उदय आहे, भोगायलाच हवा,” सासूबाई म्हणाल्या. “मग चार दानांत औषधदान कशाला सांगितले?” असे मी विचारले, तेव्हा हसल्या. विषाणूरोधक औषध फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झालेले उत्तम. पुष्कळ घरांत हा वेळ गेरूचा लेप लावण्यात जातो. आम्ही त्याच दिवशी दवाखाना गाठला. सूर्यास्तानंतर पाणीही न घेण्याचा त्यांचा नियम ऐकून डॉक्टरांनी मात्रांच्या वेळा दिवसातच बसवून दिल्या.

क्षमावाणीच्या दिवशी आजी आल्या. सासूबाईंनी हात जोडले, उत्तम क्षमा म्हटले, मग पाठ वळवून कण्यापाशी धरलेली खपली दाखविली: “बघा, येथून पलीकडे गेली नाही.”

आग मात्र दिवाळीपर्यंत राहिली. दुखावलेला मज्जातंतू लवकर निवत नाही. नुसता पदर लागला तरी कळ उठे.