वस्तादाचं अप्रेझल

"अक्का, स्वारगेटला उतरलोय. घ्यायला येतीस का?"

एप्रिल २०१८. पहाटेचे साडेपाच. मी मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला, रात्रभर जागून असाइनमेंट संपवलेली आणि फोनवर आमचा धाकटा! जळकोटहून अण्णांना न सांगता निघालेला. सोबत एक पत्र्याची पेटी, दोन लंगोट, आईनं गुपचूप दिलेला तुपाचा डबा. वय वर्षं सतरा.

"मला कुस्ती करायचीय," एवढंच बोलला आणि रिक्षात झोपून गेला.

हे खूळ कुठून आलं, ते मला ठाऊक होतं. आठवडाभरापूर्वी, १२ एप्रिलला, गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत राहुल आवारेनं ५७ किलो गटाचं सुवर्णपदक जिंकलं होतं. फायनलला कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला १५-७ असं हरवून. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा पोरगा, म्हणजे आमच्या मराठवाड्याचाच की! आणि ते पदक त्यानं अर्पण केलं आपल्या दिवंगत वस्तादांना, हरिश्चंद्र बिराजदारांना. ते तर थेट आमच्या लातूर जिल्ह्यातले.

नाव ऐकलं नसेल, तर लाजू नका. मलाही ते फक्त अण्णांच्या गप्पांतून माहीत होतं. पण धाकट्याला कुठल्या तालमीत घालायचं याची चौकशी करता करता मी त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत गेले आणि अडकलेच.

बिराजदार मामा मूळचे निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे. जन्म १९५० चा. कुस्तीसाठी कोल्हापूर गाठलं, गंगावेस तालमीत घडले. १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी, तेही लातूरच्याच आखाड्यात. १९७० मध्ये एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण. १९७२ मध्ये रुस्तम-ए-हिंद. १९७७ मध्ये बेळगावात त्यांनी दिल्लीच्या सतपालला हरवलं. ती कुस्ती अण्णा अजून अशी सांगतात, जणू स्वतःच आखाड्यात उभे होते.

आता तुमच्या-आमच्या हिशेबानं सीव्ही इथंच पूर्ण झाला. यापुढे सत्कार घ्यायचे, फिती कापायच्या. मामांनी मात्र पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत पोरं घडवायला घेतली आणि तेच त्यांचं लांबलचक दुसरं करिअर झालं.

तालीम तुम्ही आतून पाहिलीय? मी धाकट्याला सोडायला गेले तेव्हा पहिल्यांदा दारातून पाहिली. आपल्या अलार्मचं पहिलं स्नूझ होईपर्यंत तिथं पोरांचे जोर-बैठका होऊन अंग घामानं निथळत असतं. हौद्यातली लाल माती, त्यात तेल, हळद, ताक, लिंबू मुरवलेलं. वस्ताद एका कडेला. फार बोलत नाही. कुणाचा पाय कुठं चुकला, कुणी रात्री खुराक टाळला, सगळं त्याच्या नजरेत. बरं, काळ बदलला तसं त्याला स्वतःलाही बदलावं लागतं. मातीवर पाठ लागली की निकाल. मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोन राउंड आणि गुणांचा हिशेब. मातीत वाढलेल्या माणसानं मॅटवरची पोरं तयार करायची, म्हणजे आपल्याकडे टाइपरायटरवर शिकलेल्यानं सॉफ्टवेअर शिकवण्यासारखं!

मामांच्या पठ्ठ्यांतलेच एक काका पवार. लातूरचेच, अर्जुन पुरस्कार मिळवलेले. राहुल आवारेही मामांकडेच आला. २००६ मध्ये मामांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. सप्टेंबर २०११ मध्ये मामा गेले. मग राहुलचा सराव काका पवारांकडे सुरू झाला. एका पठ्ठ्यानं दुसऱ्याला सांभाळलं. एडिंबरोनंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी गुरूचं पदक शिष्याच्या गळ्यात आलं, तेव्हा गुरूला जाऊन साडेसहा वर्षं झाली होती.

मला हेच पचत नव्हतं. आपलं काम दर एप्रिलला मोजतात. रेटिंग, हाइक, फीडबॅक. आणि इथं एक माणूस आयुष्यभर राबला आणि त्या दिवशी टाळ्या वाजवायला तोच नव्हता!

असो. धाकटा तालमीत रमला. त्याच्या खुराकाचा खर्च माझ्या गळ्यात पडला. दूध, तूप, थंडाईचे बदाम... मी तेव्हा नुकतीच फ्रीलान्सिंगला लागलेले. एका लेखाचं मानधन म्हणजे त्याचे तीन आठवडे, असा माझा हिशेब. डायरीत पै-पै लिहून ठेवायचे. अण्णा फोनवर विचारायचे, "त्यो काय करलालाय तिकडं? कायी होणारंय का त्याचं?" मी म्हणायचे, "होईल की अण्णा."

७ जानेवारी २०२० ला बालेवाडीत महाराष्ट्र केसरीची फायनल झाली. नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि आमच्या लातूरचा शैलेश शेळके. दोघंही काका पवारांचेच पठ्ठे! धाकट्यानं आणि मी ती टीव्हीवर पाहिली. ३-२ नं हर्षवर्धन जिंकला आणि त्यानं हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं. मी टाळ्या वाजवत होते. धाकटा एकदम गप्प. थोड्या वेळानं म्हणाला, "अक्का, आज वस्तादाला कसं वाटलं असंल गं?" मला त्या वेळी तो प्रश्न कळलाच नाही.

दोन महिन्यांत लॉकडाउन लागला. तालमी बंद. धाकटा पेटी घेऊन जळकोटला परतला. २०२१ मध्ये त्यानं पुन्हा पुण्याला येऊ का विचारलं, तेव्हा माझी कामं निम्म्यावर आली होती. मी म्हणाले, "आता बस कर. नोकरीचं बघ." तो "बरं" म्हणाला. भांडला असता तर परवडलं असतं. डायरीतला खर्चाचा रकाना बंद झाला, पण ते "बरं" काही डोक्यातून जाईना.

मागच्या दिवाळीत घरी गेले होते. पहाटे जाग आली, तर धाकटा अंथरुणात नाही. आईनं घरामागच्या पत्र्याच्या शेडकडे बोट दाखवलं. आत खणलेला हौदा आणि त्यात अकरा पोरं. सगळ्यात लहान असेल नऊ वर्षांचा. दिवसभर दुकानात कामाला जाणारा आमचा धाकटा कडेला उभा. फार बोलत नव्हता. एका पोराची पकड सुटली, तेव्हा नुसता जवळ गेला आणि त्याचा पाय चार बोटं मागं सरकवला.

अण्णा माझ्या मागं येऊन उभे राहिलेले. "एक रुपया घेत न्हाई कुनाकडनं," ते म्हणाले. तक्रार होती की कौतुक, मला अजून कळलेलं नाही. पण हौद्यात घालायला ताक त्यांनीच आणलं होतं.

मी धाकट्याला त्या फोनबद्दल सॉरी म्हणाले. तो हसला. "अक्का, केसरी व्हायचं माझं वय गेलं. ह्याला वय लागत न्हाई."

परवा एका क्लायंटनं माझं मानधन वाढवायला नकार दिला. दिवसभर चिडचिड. संध्याकाळी धाकट्याचा मेसेज आला : "बदाम पाठव. दोन किलो. पोरं चौदा झालीत."

जुनी डायरी शोधून काढली. रकाना पुन्हा उघडलाय.