रेघ ठशाची, रंग हाताचा

संक्रांत पंधरा दिवसांवर आली, कीं आमच्या माजघरांतील लांब टेबलावरून भांडीं उठतात आणि तेथें रंगीत पेन्सिलींचे डबे येऊन बसतात. घरांतील चौदा माणसांपैकीं निदान सहा जणें तिळगुळाबरोबर पाठवावयाचीं शुभेच्छापत्रें स्वतःच्या हातानें तयार करण्यांत गुंततात. बाजारांत तयार पत्रें मिळत असतां, आणि मोबाइलवरून एका क्षणांत शंभर घरीं चित्र धाडतां येत असतां, हा उपद्व्याप कशासाठीं, असें वाचक विचारतील. आमच्या घरांतही तें विचारून झालें आहे.

ठसे आमच्या पुतण्यानें खोडरबरावर कोरले. चित्र आरशांतल्याप्रमाणें उलटें कोरावें लागतें. पहिल्या सुगडावरील स्वस्तिक उलटें उमटलें, तेव्हां वडील मंडळींस तें रुचलें नाहीं व तो ठसा बाद झाला. शाई काळी, ती पुरती वाळल्याखेरीज पेन्सिल लावूं नये, कारण ओल्या रेघेवरून गेलेला पिवळा रंग मळतो तो कायमचा. कागद जाड हवा, पण चकचकीत नको. पेन्सिलीचा रंग म्हणजे मेणांत किंवा तेलांत घोटलेली रंगाची पूड. ती कागदाच्या बारीक खाचांत अडकून बसते. जोर देऊन एकाच फेरींत रंग भरूं गेलें, तर त्या खाचा बुजतात आणि वरचा थर नुसता घसरतो. म्हणून टोंक अणकुचीदार ठेवून, हलक्या हातानें, लहान लहान वर्तुळें फिरवीत चार-पांच थर द्यावे. फिकट आधीं, गडद मागाहून. घाईच्या माणसाचें हें काम नव्हे, आणि आमच्या घरीं घाईचीं माणसें बरींच आहेत.

सर्वांत अवघड ती काळी चंद्रकळा. नुसती काळी पेन्सिल फिरवली, कीं लुगडें काजळी धरल्यासारखें निर्जीव दिसतें. यावर आमच्या थोरल्या वहिनींनीं तोड काढली. त्या आधीं गडद निळा देतात, त्यावर तपकिरी, निऱ्यांच्या खोलगट भागीं किंचित् जांभळा, आणि काळा अगदीं शेवटीं, जेथें उजेड मुळींच पोंचत नाहीं तेवढ्यापुरता. लुगड्यावरचे ठिपके त्या रंगवीत नाहींत. तेथें कोरा कागदच राहूं देतात. हलव्याच्या दागिन्यांचें तेंच. पांढऱ्या पेन्सिलीस हातसुद्धां लावावयाचा नाहीं; दाण्याभोंवतीं करड्या रंगाची सावली बसली, कीं हलव्यावरचा काटा आपोआप दिसूं लागतो.

आमचे एक मेहुणे चित्रकलेचे जाणकार आहेत. त्यांचा आक्षेप असा कीं, छापील रेघेंत रंग भरणें ही कला नव्हे, बालवाडीचा अभ्यास आहे. त्यांस आम्ही १८४३ सालचा दाखला दिला. त्या वर्षीं लंडनमध्यें हेन्री कोल यांनीं नाताळचें पहिलें शुभेच्छापत्र विक्रीस काढलें. चित्र जॉन कॅलकॉट हॉर्सली यांचें. प्रती शिळाछापाच्या, सुमारें हजार. आणि रंग हातानेंच भरलेले. किंमत एक शिलिंग. (चित्रांतील मंडळी लहान मुलास मद्य पाजीत आहेत, यावरून तिकडे गहजब झाला, तो भाग वेगळा.) मेहुणे यावर गप्प राहिले, पण जुनें आहे म्हणून चांगलें, हा युक्तिवाद आम्हांस स्वतःलाच पुरेसा वाटत नाहीं.

थोरल्या वहिनी ८१ वर्षांच्या आहेत. गेल्या वर्षीं त्यांस अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला. चालणेंबोलणें पूर्ववत् झालें. उजवा हात मात्र कांपूं लागला. ज्या हातानें ठिपक्यांची रांगोळी दारापुढें एका दमांत उतरे, त्याच्यानें सरळ रेघ ओढवेना. एके सकाळीं त्यांनीं रांगोळीचा डबा सुनेच्या स्वाधीन केला, आणि त्या विषयावर पुन्हां अक्षर काढलें नाहीं.

ठशाची रेघ आयती असते. नातीनें पेन्सिलीस सुती फडकें गुंडाळून ती जाड करून दिली, तेव्हां पकड बसूं लागली. हात कांपतो तो कांपतोच. पण कांपऱ्या रेघा एकमेकींवर चढत गेल्या, कीं चौथ्या थराला कंप दिसत नाहीं, रंग दिसतो. हें आमच्या मेहुण्यांच्या शास्त्रांत कोठें बसतें, तें आम्हांस ठाऊक नाहीं.

यंदा वहिनींनीं सुगडांचें एक पत्र बाजूला काढलें आणि तें चार दुपारीं बसून रंगवलें. कोणासाठीं, हें कोणी विचारलें नाहीं. पाकिटावर पत्ता घालण्याचें काम आमच्याकडे असतें. त्यांनीं आमच्या धाकट्या बंधूंचें नांव सांगितलें. वाटणीच्या वेळीं शब्दानें शब्द वाढून ते नागपुरास निघून गेले, त्यास ९ वर्षें झालीं. या काळांत सुतकाच्या निरोपांखेरीज दोन घरांत पत्र नाहीं, कीं फोन नाहीं. आम्ही लेखणी उचलून क्षणभर थांबलों. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. पत्र पुढें सरकवून बसून राहिल्या. आम्ही पत्ता घातला.

एका सुगडाच्या कांठाशीं तांबूस रंग रेघेबाहेर वेडावांकडा गेला होता. नात खोडरबर घेऊन आली.

“राहूं दे गं,” वहिनी म्हणाल्या, “माझा हात असा झाला आहे, हें भावोजींना कळूं दे.”

तिळगूळ रथसप्तमीपर्यंत चालतो. तिच्या आदल्या दिवशीं संध्याकाळीं फोन आला, तो आम्हीच घेतला. नमस्कार नाहीं, क्षेमसमाचार नाहीं.

“अण्णा, वहिनींच्या हाताला काय झालें?”

आम्ही सांगितलें, आणि फोन माजघरांत नेऊन दिला. वाटणीचा विषय कोणी काढला नाहीं. नागपुरास यंदा थंडी किती, धाकट्या जाऊबाईंचे गुडघे कसे आहेत, गुळाचा पाक कोणत्या बेतास उतरावा, एवढ्यावरच अर्धा तास बोलणें चाललें होतें.