थंडी अंगावर काढू नका

‘या वयात विंडसर्फिंग? आणि तेही इंग्लंडात, ऐन थंडीत?’ असं तुम्ही म्हणणार, हे मला ठाऊक आहे. माझ्या सासूबाई म्हणाल्या, सांगलीच्या वन्सं म्हणाल्या, आणि इथं हळदीकुंकवाला भेटणाऱ्या बायका तर अजूनही म्हणतात. त्यांना मी जे उत्तर देते, तेच आज तुम्हाला सविस्तर देणार आहे. समुद्रात थंडी वाजते, अगदी खरं. पण ती किती वाजू द्यायची, हे बरंचसं आपल्या हातात असतं. आणि ते हातात घेणं आपल्या बायकांना जरा जड जातं, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही राहतो इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, पोर्टस्मथजवळ. शेजारीच हेलिंग आयलंड नावाचं एक लहानसं बेट आहे. किनाऱ्यावर वाळूपेक्षा गोटेच जास्त. मुलगा कॉलेजात गेला आणि घर एकदम रिकामं झालं, तेव्हा पंचेचाळिसाव्या वर्षी मी इथं विंडसर्फिंग शिकले. फळीवर उभं राहायचं, तिला जोडलेलं शीड दोन्ही हातांनी तोलून धरायचं, आणि वाऱ्याच्या जोरावर आपल्याला हवं तिकडं जायचं, एवढाच हा खेळ. १९५८ साली याच बेटावर पीटर चिल्व्हर्स नावाच्या बारा वर्षांच्या मुलानं प्लायवूडचा तुकडा, तंबूचं कापड, एक काठी आणि पडद्याच्या कड्या एवढ्या सामानावर असली फळी चालवली होती. पुढं १९८०च्या दशकात पेटंटचा खटला झाला, तेव्हा इंग्लंडच्या कोर्टानंही ते मानलं. पडद्याच्या कड्या! घरातली वस्तू कुठं कामाला येईल, काही सांगता येत नाही.

आता तुम्ही विचाराल, उन्हाळ्यात खेळा ना, थंडीतच कशाला? तर त्याचं कारण वारा. इथला चांगला, भरवशाचा वारा ऑक्टोबर ते मार्चमध्येच सुटतो. आणि तेव्हाच पाणीही गार होत जातं. ऑगस्टमध्ये सतरा-अठरा अंश असलेलं पाणी फेब्रुवारीत सात-आठ अंशांवर येतं. मुंबईचा समुद्र जानेवारीतही साधारण पंचवीस अंशांच्या आसपास असतो, म्हणजे फरक तुमच्या लक्षात येईल. शिवाय पाणी अंगातली ऊब हवेच्या वीस-पंचवीस पट वेगानं ओढून घेतं. सात अंशांच्या हवेत तुम्ही शाल पांघरून बाजारात जाऊ शकता. सात अंशांच्या पाण्यात साध्या कपड्यांनी उतरलात तर पहिल्या मिनिटातच श्वास सुटतो.

यावरचा उपाय म्हणजे वेटसूट. नाव ऐकून वाटतं, हा पाणी आत येऊ न देणारा पोशाख असेल. तसं नाही हं. पाणी आत येतंच. पण ते थोडंसं येतं, अंगाच्या नि सुटाच्या मधे अडकतं, आणि अंगाच्या उबेनं कोमट होऊन तिथंच राहतं. सूट निओप्रीन नावाच्या कृत्रिम रबराचा असतो. हे रबर १९३० साली अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीत तयार झालं. त्याचा फेस केला की त्यात लाखो बारीक बुडबुडे राहतात, आणि खरी ऊब त्या बुडबुड्यांत असते. उबदार राहायला कोरडं राहायलाच हवं असं नाही, हे ओळखून १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ह्यू ब्रॅडनर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं हा पोशाख सुचवला. आपल्या गोधडीचं तत्त्व वेगळं काय असतं? ऊब चिंध्यांची नसते, थरांमधे कोंडलेल्या हवेची असते.

मी हिवाळ्यासाठी सूट घ्यायचं काढलं, तेव्हा आमचे हे म्हणाले, ‘मुलाचा जुना आहे ना माळ्यावर. चांगला आहे की!’ त्यांचं काही चुकलं नाही. आपल्या घरांत आईच्या वाट्याला असंच येतं. मुलाचा जुना स्वेटर, नवऱ्याची जुनी छत्री, आणि खाली राहिलेली आमटी. पण वेटसूट ही एक अशी वस्तू आहे, की ती उरलीसुरली चालत नाही. पुरुषी सूट कमरेत सरळ असतो. बाईच्या अंगावर तो नितंबांशी ताणतो आणि पाठीच्या खोलगट भागावर सुटतो. त्या पोकळीत प्रत्येक वेळी पडलं की गार पाण्याचा नवा तांब्या ओतला जातो. आधीचं कोमट झालेलं पाणी गेलं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मी ह्यांना एवढंच म्हटलं, ‘ब्लाऊज कधी दुसऱ्याच्या मापाचा शिवतात का?’ आणि दुकानात गेले. दोनशे पौंडांच्या वर पैसे मोडले. हिशेबाच्या वहीत लिहिताना हात जरा अडखळला, पण लिहिले.

तर सूट घेताना हे पाहा.

पहिलं माप. कोरडा असताना सूट घट्टच वाटायला हवा. दोन्ही हात वर करा, खाली बसा, वाका, खोल श्वास घ्या. श्वास अडला तर तो लहान आहे. पाठीची खोलगट जागा, काखा, जांघा आणि मानेची मागची बाजू, या चार ठिकाणी चिमटीत चुणी येता कामा नये.

दुसरी जाडी. ‘पाच-तीन’ म्हणजे धडावर पाच मिलिमीटर, हातापायांवर तीन. सात-आठ अंशांच्या पाण्याला एवढं हवंच. तीन-दोनचा सूट इथं उन्हाळ्याचा. आणि आत लोकरीचा स्वेटर घालू का, असं कुणी विचारलं तर ठामपणे नाही म्हणा. स्वेटर पाणी पितो नि सूट अंगाला बसू देत नाही.

तिसरी शिवण. साधी आरपार शिवण म्हणजे सुईची हजारो भोकं, आणि प्रत्येक भोकातून पाणी. हिवाळी सुटाचे तुकडे आधी चिकटवतात, मग सुई आरपार न जाऊ देता शिवतात. सूट उलटा करून आतली शिवण बोटानं चाचपून पाहा. शिवणकाम येणाऱ्या बाईला ते दुकानदारापेक्षा लवकर कळेल. चेन पाठभर असण्यापेक्षा छातीवर आडवी, आखूड असेल तर पाणी कमी शिरतं. घालताना कसरत होते खरी.

चौथं कापड. पाण्याखाली जाणारा पाणबुडा आणि आपण यांत फरक आहे. आपण बहुतेक वेळ पाण्याबाहेर, वाऱ्यात उभ्या असतो. ओल्या कापडाला वारा लागला की काय होतं, ते माठाच्या ओल्या फडक्यानं आपल्याला शिकवलंय. म्हणून छाती-पाठीला वरून कापड नसलेलं, गुळगुळीत रबर असावं. त्यावरून पाणी निथळून जातं. ते नाजूक असतं, नख लागलं की फाटतं, एवढं ध्यानात ठेवा.

आणि पाचवं, जे फक्त विंडसर्फिंगवाल्यांनाच लागू. मनगटापासून कोपरापर्यंतची बाही फार आवळलेली नको. शिडाचा आडवा दांडा धरून धरून हात भरून येतात. त्यात बाही घट्ट असेल तर मूठच वळेनाशी होते. याच कारणासाठी जाड बंद हातमोजेही नकोत. तळव्याशी उघडे असलेले मोजे मिळतात. बोटांची पाठ झाकलेली राहते आणि दांड्यावर पकड उघड्या हाताची. पायांत निओप्रीनचे बूट, डोक्यावर कान झाकणारी टोपी. कान उघडे ठेवून वर्षानुवर्षं गार पाण्यात राहिलं, तर कानाच्या नळीत हाड वाढतं.

हात फारच गार पडतात, अशी तक्रार पुष्कळ जणी करतात. त्यांना मी सांगते, बाई, आधी छाती नि डोकं झाक. घरात पैसा कमी पडला की आई पहिली काट आपल्या साडीवर मारते ना, तसंच शरीरही करतं. ऊब कमी पडली की ते काळीज-फुप्फुसांसाठी रक्त राखून ठेवतं आणि काट हातापायांवर मारतं. धड उबदार राहिलं की हात आपोआप पुष्कळ वेळ टिकतात.

हे सगळं इतकं बारकाईनं सांगतेय, त्याला कारण आहे. २०२३च्या जानेवारीतली गोष्ट. कोल्हापूरकडची एक मुलगी इथं शिकायला आलेली. आमच्याकडं अधूनमधून जेवायला यायची. मैत्रिणीबरोबर ती किनाऱ्यावर आली होती, अंगात कुणाचा तरी मागून घेतलेला, उन्हाळी, ढगळ सूट. मी पोचले तेव्हा ती तासभर पाण्यात होती. बाहेर आली ती कुडकुडत. मी विचारलं, तर हसून म्हणाली, ‘काही नाही हो काकू, जरा गार वाजतंय.’ आणि पुन्हा आत जायला निघाली. मी तिच्या हातांकडं पाहिलं. कमरेचा पट्टा सोडायला ती चाचपडत होती, पण बकल काही सुटेना. बोलणंही जरा जड येत होतं. मी तिला जाऊ दिलं नाही. आडोशाला नेलं, ओलं काढलं, कोरडं नि लोकरीचं घातलं, डोक्याला टोपी, वर दोन ब्लँकेटं. थर्मासमधला गोड, कोमट चहा घोटघोट पाजला. हातपाय चोळले नाहीत, गरम पाण्यानं शेकलंही नाही. गारठलेल्या माणसाचे हातपाय एकदम शेकले तर तिथलं गार रक्त आत जातं आणि जीव घाबरा होतो. पाऊण तासानं तिचं बोलणं नीट झालं. तेव्हा म्हणाली, ‘काकू, मला कळतच नव्हतं मी गारठलेय ते.’

हेच तर आहे! गारठलेल्या माणसाला आपण गारठलोय हे कळत नाही. आणि ‘काही नाही हो’ म्हणायची सवय आपल्याला लहानपणापासून लागलेली. ताप अंगावर काढायचा, कंबरदुखी अंगावर काढायची, बाळंतपणानंतरचा अशक्तपणा अंगावर काढायचा. घरी हे खपून जातं. खरं तर तिथंही खपत नाहीच, नंतर कधीतरी वसूल होतं. समुद्र मात्र उधारी ठेवत नाही. गार पाण्यात पहिलं मिनिट श्वास सावरायचं, पुढची दहा मिनिटं हातपाय चालतात तेवढीच, आणि तासाभरात शुद्ध जाऊ शकते, असा ढोबळ हिशेब इथं शिकवतात. सूट हा हिशेब लांबवतो, रद्द करत नाही.

म्हणून मी काही नेम पाळते. एकटीनं जायचं नाही. जमिनीकडून समुद्राकडं वारा वाहत असेल तर फळी गाडीतून उतरवायचीच नाही. पाण्यात काही बिघडलं तर फळी सोडायची नाही. ती तरंगते, आपण तितक्या नाही. कुडकुड सुरू झाली की बाहेर. कुडकुडणं हे चांगलं लक्षण, अंग झुंजतंय. ऊब न मिळता ते थांबलं आणि माणूस पेंगायला लागलं, तर इथं ९९९ला फोन करायचा. उपासाच्या दिवशी पाण्यात जायचं नाही. माझा संकष्टीचा उपास आहे, त्या दिवशी मी किनाऱ्यावर बसून इतरांवर लक्ष ठेवते. एरवी निघण्याआधी पोटभर उपमा किंवा शिरा.

आता काही घरगुती युक्त्या. सूट घालताना पायात प्लॅस्टिकची पिशवी घाला, पाय सर्रकन जातो; मग पिशवी काढून घ्या. बोटांच्या पेरांनी ओढा, नखांनी नको. बांगड्या, अंगठ्या, मंगळसूत्र घरीच ठेवा. गार पाण्यात बोटं बारीक होतात आणि अंगठी कधी गेली ते कळतही नाही. उतरण्याआधी थर्मासमधलं कोमट पाणी बुटांत नि मोज्यांत ओता, म्हणजे समुद्राचं पाणी गरम करायची मेहनत वाचते. घरी आल्यावर सूट गोड्या पाण्यात बुडवून खळबळा, उलटा करून सावलीत, जाड हँगरवर वाळवा. धुलाईयंत्र नको, पिळणं नको, ऊन तर नकोच. नख लागून फाटला तर निओप्रीनचा डिंक मिळतो. दोन्ही कडांना लावायचा, जरा सुकू द्यायचा, पुन्हा एक हात द्यायचा आणि दाबून धरायचं.

तुमच्यापैकी बहुतेकींना या सुटाची गरज पडणार नाही. पण कुणाची लेक, कुणाची सून, कुणाची भाची परदेशी शिकायला गेली असेल. चार मैत्रिणी निघाल्या की तीही समुद्रावर निघणार. जाऊ द्या तिला, वारा अंगावर घेण्यासारखं सुख नाही. फक्त लाडू-चिवड्याच्या डब्याबरोबर एवढा निरोप पाठवा : सूट तुझ्या मापाचा घे, आणि थंडी वाजली तर ‘वाजतेय’ असं मोठ्यानं म्हण. आणि हो, तिला सांगताना आपणही म्हणायला शिकू या. कंबर दुखतेय तर दुखतेय म्हणावं, दमलो तर दमलो म्हणावं. ते म्हणायला पाण्यात उतरायची काही गरज नाही.