भिंतीपलीकडची गिटार

इलेक्ट्रिक गिटार जन्मली ती मोठ्या आवाजासाठी. 1930 च्या आसपास अमेरिकेतल्या नाचाच्या वाद्यवृंदांत ट्रम्पेट-सॅक्सोफोनपुढे साधी गिटार ऐकूच येत नसे. म्हणून पोलादी तारांखाली चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं बसवलं. तार थरथरली की वेटोळ्यात क्षीण वीज उमटते, बाकीचं काम अँप्लिफायर करतो. पुढे पोकळ पेटी जाऊन भरीव लाकूड आलं. त्यामुळे झालं असं, की वायर काढली तर हेच वाद्य घरातलं सर्वांत गप्प वाद्य ठरतं.

चंद्रपुरात या गप्पपणाची मला फार गरज आहे. इथं कोळसा खाणींत आणि वीज केंद्रात तीन पाळ्या चालतात. रात्रपाळीचा माणूस सकाळी झोपतो, दुपारपाळीचा मध्यरात्रीकडे घरी येतो. आमच्या ओळीत कुणीच झोपलेलं नाही असा तास सापडणं कठीण. मे महिन्यात तर कूलरच्या घरघरीत स्वतःचेच सूर ऐकू येत नाहीत. मग गिटारची वायर छोट्या इंटरफेसमध्ये, इंटरफेस फोनमध्ये आणि हेडफोन कानांवर. अँप्लिफायरची नक्कल करणारं अ‍ॅप एकदा उतरवून घेतलं की बहुतेकदा नेटवर्क लागत नाही, आणि लाईट गेली तरी फोनच्या बॅटरीवर रियाज चालू राहतो. गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीकडे राहणाऱ्या मुलासाठी या दोन गोष्टी केवढ्या मोठ्या आहेत!

हेडफोन मात्र वायरचाच हवा. हवेत आवाजाला एक मीटर जायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात. म्हणजे तीन मीटरवरच्या अँप्लिफायरचा सूरही नऊ मिलिसेकंद उशिरा येतो, आणि हाताला ते खटकत नाही. ब्लूटूथमध्ये हा उशीर सहज शंभराच्या वर जातो. बोट पुढे निघून जातं, सूर मागून येतो, आणि हात नकळत मंदावतो.

बॉस्टन या रॉक बँडचा टॉम शोल्झ हा मुळात इंजिनिअर. त्याने 1982 मध्ये कमरेला अडकवता येईल असा, हेडफोनवर चालणारा रॉकमन हा छोटा गिटार-अँप्लिफायर बाजारात आणला. त्याच वर्षी चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण मला त्या शेजारी ठेवून बघायला आवडतं. कारण या मुलखातलं संगीत एकट्याच्या कानात कधी राहिलेलंच नाही. माडिया आदिवासींच्या गावांत रेला नाच चालतो तेव्हा नाचणारे तेच गाणारे. झाडीपट्टीचं नाटक दिवाळीनंतर गावोगाव रात्रभर रंगतं, आणि वादकाची चूक अख्ख्या मंडपाला कळते.

हेडफोनमध्ये ती कुणाला कळत नाही, आणि मला खरी भीती त्याचीच वाटते. डिस्टॉर्शन सगळ्या सुरांना फुगवून आवाजाच्या एका पातळीवर आणतं, रिव्हर्ब दोन सुरांमधली फट बुजवतं. बोटं कच्ची असली तरी कानात मैफल भरलेली असते. पलीकडच्या खोलीत मात्र फक्त उघड्या तारांची खुडखुड पोचते. आई गिटारमधलं काही शिकलेली नाही, तरी एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "काल तू त्या एका जागी अडखळत होतास, आज नाही अडखळलास." तिला सूर ऐकूच येत नव्हते, लय तेवढी येत होती, आणि ती खरी होती. तेव्हापासून रियाजाच्या शेवटी मी हेडफोन काढतो आणि तोच तुकडा कोऱ्या तारांवर वाजवतो. तिथं टिकला तरच तो बसला असं मानतो.

या हंगामात वडशाकडच्या एखाद्या झाडीपट्टी नाटकाला जायचं आणि वादकांच्या अगदी जवळ बसायचं, असं ठरवलं आहे. नटाने वाक्य लांबवलं किंवा प्रेक्षकांतून वन्स मोअर आला, तर ते हात किती थांबतात आणि नेमके कुठून पुन्हा उचलतात, ते मला बघायचं आहे.