पाव थेंब

माझ्या कोडने काढलेलं उत्तर होतं ०.०१४ मिलिलिटर. नानांनी मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "म्हणजे किती थेंब?"

एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा. म्हटलं, "पाव थेंब."

ते हसले असते तर बरं झालं असतं.

दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणी होऊन तीनेक आठवडे झाले होते, घड पोपटी रंगावर आले होते आणि दुसऱ्या दिवशी जीएचा, म्हणजे जिबरेलिक ॲसिडचा पहिला स्प्रे होता. १० पीपीएम, २०० लिटरच्या ड्रमला २ ग्रॅम. हे गणित नानांना तोंडपाठ आहे. पण अल्कलाइन पाण्यात जीए टिकत नाही, म्हणून आधी फॉस्फोरिक ॲसिड घालून पाण्याचा सामू ६ च्या आसपास आणायचा. (सामू म्हणजे पीएच. माती परीक्षणाच्या कागदावर हाच शब्द असतो. घरात तो रोज बोलला जायचा आणि मी मात्र पीएच क्लासमध्ये जाऊन शिकलो.) मी वर्क फ्रॉम होम घेऊन आलो होतो. नाना म्हणाले, दरवेळी अंदाजानं टाकतो, तू मोबाइलवर काहीतरी करून दे.

दहा ओळींचं काम. पीएच म्हणजे हायड्रोजन आयनांच्या संहतीचा लॉग, उणे चिन्ह लावून. १९०९ साली सोरेन्सन नावाच्या डॅनिश केमिस्टने कोपनहेगनमधल्या कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत ही पट्टी आणली. हो, तीच बिअरवाली कार्ल्सबर्ग. लिटरला ०.०१ मोल हायड्रोक्लोरिक ॲसिड असेल तर पीएच २. तेवढाच कॉस्टिक सोडा असेल तर पीओएच २ आणि १४ मधून वजा करून पीएच १२. मला ६ हवा होता, म्हणजे लिटरला मोलचा दहा लाखावा भाग. २०० लिटरला ०.०००२ मोल. आमचं ॲसिड ८५ टक्क्यांचं, लिटरला साधारण १४.७ मोल. भागाकार केला. पाव थेंब.

नाना काही न बोलता ड्रमकडे गेले. काडीच्या टोकाने एक अख्खा थेंब टाकला, ढवळलं, पीएच पेपर बुडवला. कागद होता तसाच हिरवा. मग खोकल्याच्या औषधाचं १५ मिलिलिटरचं टोपण घेतलं. एक टोपण. ढवळणं. कागद. दुसरं टोपण. तिसऱ्याला कागद पिवळसर झाला.

"थोड्या वेळानं परत बघायचा," ते म्हणाले, "जरा वर सरकतो."

पंचेचाळीस मिलिलिटर. माझ्या उत्तराच्या तीन हजार पटींहून जास्त. कोडमध्ये बग असता तर चाललं असतं, पण मी तीनदा तपासला. बग नव्हता.

रात्री झोप लागेना. बारावीतला एक प्रश्न आठवत राहिला. हायड्रोक्लोरिक ॲसिडची संहती दहाचा उणे आठवा घात असेल तर पीएच किती? घाईत सगळे ८ लिहितात. पण ८ म्हणजे आम्लारी. पाण्यात ॲसिड टाकून ते अल्कलाइन कसं होईल? पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन असतात, त्याहून दहापट जास्त. ते धरून वर्गसमीकरण सोडवलं की उत्तर येतं ६.९८. मी ते बरोबर लिहिलं होतं. सर म्हणाले होते, हा ट्रॅपवाला प्रश्न आहे, लक्षात ठेवा. मी ट्रॅप लक्षात ठेवला. पाणी रिकामं नसतं, हे काही लक्षात राहिलं नाही. त्या क्लासची दोन वर्षांची फी ह्याच बागेतून गेली होती.

उठून कपाटातून पाणी परीक्षणाचा अहवाल काढला. बायकार्बोनेट लिटरला ३०५ मिलिग्रॅम, म्हणजे ५ मिलिमोल. ॲसिडचे हायड्रोजन आयन आधी ह्या बायकार्बोनेटला जाऊन मिळतात, त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतो. मोकळे उरतात ते नगण्य. ६ पर्यंत यायला जवळजवळ ७० टक्के बायकार्बोनेट संपवावं लागतं. २०० लिटरला ०.६९ मोल. ४७ मिलिलिटर! आणि सामू नंतर वर का सरकतो, तेही कळलं: कार्बन डायऑक्साइड हळूहळू उडून जातो. गीझरच्या कॉइलवरचा पांढरा थर, आईच्या पातेल्यांच्या तळाची खर, ही सगळी ह्याच बायकार्बोनेटची करणी. लहानपणापासून बघत होतो. माझ्या सूत्रात मात्र मी बाटलीतलं डिस्टिल्ड वॉटर धरलं होतं.

पहाटे नाना चहा घेत असताना दुरुस्त केलेलं दाखवलं. आता त्यात बायकार्बोनेटचा एक रकाना होता. त्यांनी ४७ वाचलं. "दोन मिली जास्त सांगतंय," म्हणाले, पण फोन लगेच परत दिला नाही.

"हा अहवाल मे महिन्यातला आहे ना?"

"हो."

"मग आता पाऊस पडून विहीर भरलीय, त्याचं कुठं टाकायचं?"

तो रकाना नव्हता. त्यांनी खिशातून पीएच पेपरची पुडी काढून माझ्या हातात दिली आणि आम्ही ड्रमकडे निघालो.